घर आणि दुकान एकाच छपराखाली



येथे बसलेल्या अनेकांच्या वाडवडिलांचे दुकान खाली आणि बिऱ्हाड वर असे. अर्ध्या जेवणावरून उठून गिऱ्हाईक पाहावे लागे आणि बाजारातील मंदीची झळ संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात पोहोचे. नवी सून घरात आली, की सासर समजून घेता घेता तिला दुकानही समजून घ्यावे लागे. पुढे व्यापार वाढला, दुकाने मुख्य पेठेत गेली, घरे वसाहतींत गेली आणि दोहोंमध्ये अंतर पडले.

आता ते अंतर पुन्हा मिटू लागले आहे. घराच्या एका खोलीत संगणक मांडून, कोणाचीही नोकरी न करता, देशोदेशींच्या ग्राहकांसाठी संकेतस्थळे तयार करणारे तरुण-तरुणी आज गावोगावी आढळतात. इतरांची कामे करता करता त्यांतील काही जण स्वतःचा एखादा ऑनलाइन व्यवसायही उभा करू पाहतात. म्हणजे दुकान पुन्हा घरात आले. फरक एवढाच, की पूर्वीच्या दुकानात माल दिसे, गिऱ्हाईक दिसे, गल्ला दिसे. या नव्या दुकानात यांपैकी काहीच डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा काय करतो?’ असा प्रश्न आला, की वडील अडखळतात. लग्नानंतर हाच प्रश्न नव्या नवरीला माहेरी विचारला जातो.

दिवसभर घरात बसून पडद्याकडे पाहणारा हा माणूस उद्योग करतो आहे की वेळ घालवतो आहे, हे घरच्यांनी कसे ओळखावे? आणि उद्योग करीत असेल, तर घराने त्याला किती आणि कोठवर साथ द्यावी? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी एका परदेशी गृहस्थाचे उदाहरण फार उपयोगी आहे. ते आहेत टोबियास ल्युटके. व्यापारी घराण्यांतील श्रोत्यांना ही कथा परकी वाटणार नाही, कारण ती मुळात एका छोट्या दुकानाची आणि एका सासुरवाडीची कथा आहे.

लाल शाईचे शिक्षण

ल्युटके मूळचे जर्मनीतील कोब्लेन्झ या शहराचे. वयाच्या सहाव्या वर्षी आईवडिलांनी त्यांना संगणक आणून दिला. अकरा-बारा वर्षांचे होईपर्यंत हा मुलगा संगणकावरील खेळांचे प्रोग्रॅम उघडून त्यांत फेरफार करू लागला होता. शाळेत मात्र त्याचे मन रमेना. दहावीनंतर त्याने नेहमीची शाळा सोडली आणि प्रोग्रॅमिंगच्या उमेदवारीत नाव घातले. जर्मनीत ही पद्धत जुनी आणि प्रतिष्ठेची आहे. विद्यार्थी काही काळ व्यवसाय-शाळेत शिकतो आणि उरलेला काळ प्रत्यक्ष कंपनीत अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करतो.

या उमेदवारीविषयी ल्युटके यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. त्यांना शिकवणारे गृहस्थ पन्नाशीचे, लांब केसांचे आणि मनस्वी होते. आदल्या दिवशी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी सकाळी छापील कागदावर टेबलावर ठेवलेला असे आणि त्यावर लाल शाईच्या खुणा असत. कोठे चुकले, कोठे आडवळण घेतले, कोठे अधिक सोपे करता आले असते, हे सारे त्या खुणांत असे. जुन्या पेढीवर मुनीमजी नव्या पोराकडून रोजमेळ लिहवून घेत आणि रात्री बसून एकेक रक्कम ताडून पाहत, त्याच जातीचे हे शिक्षण होते. घरबसल्या काम करणाऱ्या तरुणाच्या मागे अशी शिस्त आहे किंवा नाही, हे पाहणे महत्त्वाचे आहे. संगणकासमोर बसणे आणि संगणकाचे काम येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सासऱ्यांच्या घरातील दुकान

२००२ च्या सुमारास ल्युटके जर्मनी सोडून कॅनडाच्या ओटावा या राजधानीत आले. कारण कौटुंबिक होते. त्यांच्या जीवनसाथी फिओना मॅककीन या कॅनडाच्या. नव्या देशात संसार सुरू झाला तो स्वतंत्र घरात नव्हे, फिओनांच्या आईवडिलांच्या घरी. आपल्याकडे ‘घरजावई’ हा शब्द फारशा आदराने उच्चारला जात नाही. परंतु पुढे जगभर नाव झालेली एक कंपनी अशा एका घरजावयाने उभी केली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अडचण अशी होती, की परदेशी नागरिक म्हणून त्यांना कॅनडात नोकरी करण्याची परवानगी अजून नव्हती. चौकशी करता असे कळले, की नोकरी धरता येत नसली तरी स्वतःची कंपनी काढता येते. हौस बर्फावरील खेळांची होती. स्नोबोर्ड म्हणजे पायांना बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याची फळी. अशा फळ्या इंटरनेटवरून विकाव्यात, असे ल्युटके आणि त्यांचे मित्र स्कॉट लेक यांनी २००४ साली ठरवले. दुकानाचे नाव होते ‘स्नोडेव्हिल’.

फळ्या मिळवणे अवघड गेले नाही. अवघड होते ते दुकान मांडणे. त्या काळी इंटरनेटवर दुकान उघडण्यासाठी जी तयार साधने मिळत, ती ल्युटके यांच्यातील कारागिराला पसंत पडेनात. दुकानाची मांडणी आपल्या मनाप्रमाणे करता येत नसे आणि साधी गोष्टही किचकट होऊन बसे. अखेर त्यांनी दुकानाचे सॉफ्टवेअर स्वतःच लिहायला घेतले. त्यासाठी त्यांनी ‘रुबी ऑन रेल्स’ हे साधन वापरले. रुबी ही संगणकीय भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी घडवलेली, तर तिच्यावर आधारलेले रेल्स हे डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी त्याच वर्षी, म्हणजे २००४ मध्ये, सर्वांसाठी विनामूल्य खुले केलेले. सुमारे दोन महिन्यांच्या परिश्रमाने दुकान सुरू झाले.

जपानी भाषा, डॅनिश साधन, जर्मन कारागीर आणि कॅनडातील सासुरवाडी, असा हा योग होता. या क्षेत्रात जुन्या जाणत्यांचे ज्ञान मोठ्या प्रमाणावर खुले असते, आणि जो घेतो त्याने परत भर घालावी असा संकेत आहे. ल्युटके यांनी तो पाळला. रेल्स सुधारणाऱ्या मुख्य मंडळात ते सामील झाले, आणि दुकानासाठी लिहिलेले काही उपयुक्त भाग त्यांनी इतरांनाही खुले करून दिले.

गिऱ्हाइकाने दाखवलेली वाट

फळ्यांचा धंदा हंगामी होता. थंडीत मागणी येई आणि बर्फ वितळू लागला की ओसरे. पण या दुकानाविषयी एक वेगळीच विचारणा होऊ लागली. इतर लहान व्यापारी विचारू लागले, की तुमच्या दुकानामागचे सॉफ्टवेअर आम्हाला मिळेल काय? व्यापारात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना या विचारणेचा अर्थ लगेच कळेल. गिऱ्हाईक दुकानात येते एका मालासाठी आणि हात लावून पाहते दुसऱ्याच वस्तूला. शहाणा दुकानदार तेव्हा आपल्या पाटीवरचे नाव बदलायला मागेपुढे पाहत नाही.

ल्युटके, लेक आणि त्यांचे मित्र डॅनियल वाइनँड यांनी फळ्या विकण्याऐवजी दुकाने मांडण्याचे साधनच विकायचे ठरवले. जून २००६ मध्ये ते ‘शॉपिफाय’ या नावाने लोकांपुढे आले. कोणाही लहान व्यापाऱ्याने प्रोग्रॅमिंग न शिकता इंटरनेटवर आपले दुकान उघडावे, मालाची चित्रे लावावीत, पैसे स्वीकारावेत आणि माल रवाना करावा, असा त्याचा हेतू होता.

२००४ ते २००६ हा काळ ऐकताना अगदी लहान वाटतो. परंतु घराच्या दृष्टीने पाहा. फळ्यांचे दुकान चालू झालेले, ते मागे टाकलेले आणि नव्या मालाचे एकही गिऱ्हाईक अजून नाही. जावई सासऱ्यांच्या घरी राहतो आहे आणि दिवसभर संगणकावर काहीतरी लिहितो आहे. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात काय येत असेल, याची कल्पना येथील कोणत्याही सासऱ्यांना सहज करता येईल.

ज्याची नोंद वहीत होत नाही ते भांडवल

शॉपिफाय निघाली म्हणून लगेच पैशांचा ओघ सुरू झाला नाही. पुढची दोन-तीन वर्षे ओढाताणीची गेली. कर्मचाऱ्यांचे पगार भागवण्यासाठी काही वेळा सासऱ्यांकडून पैसे घ्यावे लागले. २००८ मध्ये स्कॉट लेक कंपनीच्या कामातून बाजूला झाले. प्रमुखपदासाठी दुसरे कोणी मिळते का, याचा शोध घेऊन झाला आणि अखेर व्यवस्थापनाचा अनुभव नसलेल्या ल्युटके यांनाच ती जबाबदारी स्वीकारावी लागली. त्याच वर्षी जागतिक आर्थिक मंदीने जोर धरला. पण नोकऱ्या गेल्यावर अनेकांनी स्वतःचा लहानसा व्यापार करून पाहण्याचे ठरवले आणि त्यांना स्वस्तात दुकान उघडून देणारे साधन हवेच होते. अनेकांना बुडवणाऱ्या मंदीने या कंपनीला मात्र हात दिला.

२०१० मध्ये बाहेरच्या गुंतवणूकदारांनी कंपनीत ७० लाख डॉलर घातले. वर्तमानपत्रे कंपनीचे भांडवल येथून मोजू लागतात. खरे पाहता त्याआधीची सहा वर्षे जे भांडवल कामी आले, ते वेगळेच होते. डोक्यावर भाड्यावाचूनचे छप्पर होते. दोन वेळच्या जेवणाची विवंचना नव्हती. अडीअडचणीला सासरे होते. आणि सर्वांत मोठे म्हणजे, आपला नवरा रिकामा बसलेला नाही असा विश्वास बाळगणारी जीवनसाथी होती. या चार गोष्टींची किंमत डॉलरांत कोणी मांडलेली नाही. कोणत्याही ताळेबंदात त्यांना रकाना नसतो. तरीही त्यांच्यावाचून २०१० साल उजाडलेच नसते.

ही गोष्ट तरुणांनी फार काळजीपूर्वक समजून घ्यावी. स्वतंत्र व्यवसाय करणारा मनुष्य ‘मी कोणाचे कर्ज घेतले नाही’ असे अभिमानाने सांगतो. पण आईने वाढलेले ताट, वडिलांनी भरलेले वीजबिल, पत्नीने आपल्या पगारातून चालवलेले घर, तिने पुढे ढकललेल्या इच्छा, हे सारे कर्जच आहे. त्यावर व्याज लागत नाही आणि तगादाही होत नाही. म्हणून ते विसरणे सोपे जाते.

भरती आणि ओहोटी

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. मे २०१५ मध्ये शॉपिफायचे समभाग न्यूयॉर्क आणि टोरांटो येथील शेअर बाजारांत १७ डॉलर या भावाने आले. २०२० मध्ये करोनाच्या साथीत दुकाने बंद पडली, व्यापार इंटरनेटकडे वळला आणि मे महिन्यात बाजारमूल्याच्या हिशेबाने ही कंपनी रॉयल बँकेला मागे टाकून कॅनडातील सर्वांत मोठी ठरली. बर्फावरच्या फळ्या विकायला निघालेल्या माणसाची कंपनी सोळा वर्षांत बँकेच्या पुढे गेली.

पण भरतीमागून ओहोटी येतेच. साथीच्या काळातील वाढ तशीच टिकेल असा ल्युटके यांचा अंदाज होता आणि त्या अंदाजाने माणसे भरली गेली. तो अंदाज चुकला. जुलै २०२२ मध्ये सुमारे १,००० जणांना, म्हणजे कर्मचाऱ्यांपैकी दर दहांतील एकाला, काम सोडावे लागले. अंदाज बांधण्यात चूक आपली झाली, असे त्यांनी कर्मचाऱ्यांना लेखी कळवले. चूक कबूल केल्याने गेलेली नोकरी परत येत नाही, हेही तितकेच खरे. त्या हजार जणांची घरे होती आणि त्यांच्याही घरी दुकानाची झळ स्वयंपाकघरापर्यंत गेली असेल. मोठेपणाबरोबर इतरांच्या घरांचा भारही आपल्या अंदाजावर येतो, हा या कथेतील कटू भाग आहे.

संध्याकाळचे जेवण

ल्युटके दांपत्याच्या संसारात यथाकाळ मुले आली. जो उद्योग कुटुंबाच्या आधारावर उभा राहिला, त्या उद्योगाने कुटुंबाला परत काय दिले, हा प्रश्न येथे विचारायला हवा.

डिसेंबर २०१९ मध्ये ल्युटके यांनी याविषयी जाहीरपणे लिहिले. त्यांचे म्हणणे साधारण असे होते: आपण रात्र रात्र जागून काम केलेले नाही. रोज संध्याकाळी साडेपाचला आपण घरी असतो. शनिवार-रविवारी प्रवास टाळतो. झोप आठ तासांच्या आसपास लागतेच. बुद्धीच्या कामासाठी माणसाकडे दिवसाचे जेमतेम पाच तास खरे उपयोगाचे असतात. काम कितीही आवडीचे असले तरी ते अखेर काम आहे आणि कुटुंब व प्रकृती यांचे स्थान त्याच्या वर आहे. यशासाठी आठवड्याचे ऐंशी तास झिजलेच पाहिजे, असे मानणाऱ्या उद्योगजगतात या लेखनाची बरीच चर्चा झाली.

मात्र कथा येथेच संपवली तर ती अपुरी राहील. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, शॉपिफायमध्ये काम फार सैल चालते अशा अर्थाचे बोलले गेले, तेव्हा त्यांनी खुलासा केला, की आपण रात्रीच्या जेवणाला घरी असतो हे खरे, परंतु दिवसाला किमान दहा तास काम करतो आणि अनेक शनिवार-रविवारही कामात जातात. ही दोन्ही विधाने शेजारी ठेवून पाहावीत. तास वाढले, सुट्ट्या कमी झाल्या. कामाचे आक्रमण कोणालाच चुकलेले नाही. पण दोन्ही विधानांत एक गोष्ट कायम राहिली, ती म्हणजे रात्रीचे जेवण घरी. सर्व काही सांभाळता येत नाही. जे एक सांभाळायचे ते आधी ठरवले, तर तेवढे टिकते.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्या घरात हा उद्योग वाढला, त्या फिओना मॅककीन केवळ यशस्वी पुरुषाची पत्नी म्हणून राहिल्या नाहीत. ओंटारियो प्रांतात रिडो कालव्याच्या काठी ‘ओपिनिकॉन’ नावाचे एक जुने विश्रामगृह आहे. २०१४ च्या अखेरीस त्यांनी ते विकत घेतले आणि नव्याने सुरू केले. पुढे उभयतांनी ‘थिसलडाउन फाउंडेशन’ ही संस्था स्थापन करून हवेतील कार्बन कमी करण्याच्या प्रयत्नांसाठी मोठा निधी बाजूला काढला. ज्या संसाराने एकाच्या उद्योगाला जागा दिली, त्या संसारात दुसऱ्याच्या उद्योगालाही जागा मिळाली.

घराने काय करावे

अशी उदाहरणे ऐकताना एक सावधगिरी हवी. ज्यांचे दुकान चालले त्यांचीच नावे कानावर येतात. त्याच वर्षी, तितक्याच कष्टाने संगणकासमोर बसलेल्या आणि काही वर्षांनी निमूटपणे नोकरीला लागलेल्या हजारोंची कथा कोणी लिहीत नाही. म्हणून प्रत्येक तरुणाने घरी बसून ल्युटके होण्याची वाट पाहावी, असा याचा अर्थ नाही.

मग घराने काय पाहावे? पहिली गोष्ट, कामामागे शिक्षण आणि शिस्त आहे का, चूक दाखवणारे कोणी आहे का, हे पाहावे. दुसरी, एखाद्याने खरोखर पैसे देऊन काम करवून घेतले आहे का, हे विचारावे. कल्पनेची स्तुती करणारे पुष्कळ भेटतात, पैसे देणारे गिऱ्हाईक एकच असले तरी त्याला अधिक महत्त्व द्यावे. तिसरी, मुदत ठरवावी. इतकी वर्षे घर साथ देईल, त्यानंतर सर्वांनी एकत्र बसून हिशेब पाहायचा, असे आधीच बोललेले असले म्हणजे रोजची कुजबुज टळते. घरखर्चाचे पैसे आणि धंद्याचे पैसे यांची खाती वेगळी असावीत, हे या श्रोतृवर्गाला सांगण्याची गरज नाही. तरुणांना मात्र ते सांगावे लागते.

तरुणांनीही आपली बाजू ओळखावी. दार बंद करून बसल्याने काम होते, पण विश्वास निर्माण होत नाही. आठवड्यातून एकदा आईवडिलांना आणि पत्नीला आपण काय केले, कोणाचे पैसे आले, कोणाचे अडकले, हे त्यांना कळेल अशा शब्दांत सांगावे. पूर्वी गल्ला बोलत असे. आता माणसालाच बोलावे लागेल. आणि घरात तान्हे मूल असेल, तर ‘मी घरीच तर असतो’ या समजुतीत राहू नये. शरीराने घरात असणे आणि मुलाला उचलून घेण्यासाठी मोकळे असणे यांत फार अंतर आहे. ते अंतर घरातील स्त्री रोज मोजत असते.

शेवटी, नव्या सुनेविषयी. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडात आलेल्या आपल्या आज्यांना, पणज्यांना दुकानाची ओढाताण न विचारता सोसावी लागली. आजच्या मुलीला तरी आधी सांगावे, विचारावे आणि तिने दिलेल्या साथीची नोंद ठेवावी. ओटावातील त्या घरात सासरे आणि पत्नी यांनी जे दिले ते कोणत्याही वहीत लिहिले गेले नाही, तरी त्यावरच पुढचे सारे उभे राहिले. आपल्या घरांतूनही असे कितीतरी दिले जाते. घेणाऱ्याने ते लक्षात ठेवावे आणि दिवसाकाठी निदान एका जेवणाला तरी संगणक मिटून सर्वांसोबत पानावर बसावे.